दुसऱ्या पंचाची सही

आमच्या साडूनं सरकारला जितका वैताग दिला तितका पुरानं आणि निवडणुकीनं मिळूनही दिला नसेल. मी, माझी बायको शालन आणि तो, आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं कामसुद्धा त्याच्या सरकारी पोचपावत्या चिकटवण्याचंच होतं. रविवार होता. साडू कागलहून मोपेडवर आमच्या मुडशिंगीला आला, चहाच्या आधी पिशवी उपडी केली आणि बाहेरच्या सोप्यात सगळीकडं कागद पसरले. बाजारातला डिंक त्याला चालत नाही. डिंकानं कागद पिवळा पडतो आणि पुरावा कमजोर होतो म्हणे. म्हणून दर खेपेला शालन त्याच्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची आणि झुरळ लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायची. त्यासाठी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, एक पिचकी वाटी वेगळी ठेवलेली, तिला घरात दुसरं कुणी हात लावायचं नाही. त्या दिवशी साडू सांगत होता, की अमेरिकेत फौजेची माणसं मोठ्या सभागृहात शपथ घेऊन उभी राहिली, आकाशात काय काय दिसलं आणि वरच्यांनी ते कसं दाबलं ते सगळ्या जगासमोर बोलली. शालन खळ ढवळत ऐकत होती. मग म्हणाली, "दाजी, मग सांगणाऱ्याचं पुढं काय झालं? घरची माणसं काय म्हटली?" साडू म्हणाला, "सांगणाऱ्याला सांभाळायचा कायदा हाय म्हणं तिकडं." ती म्हणाली, "बरं हाय की." वाटीकडं बघूनच म्हणाली. मी बोटाला लागलेली खळ धोतराला पुसली आणि जेवायला वाढ म्हणालो. मंगळवारी सकाळी पाणी भरताना तिच्या डोक्यात कळ आली, आणि दवाखान्यातनं ती परत चालत आली नाही.

ते पुढं येईलच. आधी साडू. वयानं तो मोठा, शालनच्या थोरल्या बहिणीचा नवरा, पण लिहिताना मला अहो-जाहो जमत नाही. मी गवंडी माणूस, सातवी नापास, विटेला वीट आणि माणसाला माणूस म्हणणार. साडू अंगानं वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा, डोक्यावर टोपी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. नोकरीची सगळी वर्षं त्यानं एका कचेरीच्या रेकॉर्ड खोलीत काढली. लाल कापडाच्या रुमालात बांधलेले कागदांचे गठ्ठे आणि तो, बाकी त्या खोलीत उंदीर. तिथं तो एकच गोष्ट शिकला आणि तीच आम्हाला आयुष्यभर ऐकवली. "कागद हरवत नसतो, पावणं. कुणीतरी ठेवलेला असतो." हे तो अभिमानानं सांगायचा, पण एकदा कोपरानं डोळे पुसत त्याचं पुढचंही सांगितलं. वारस लावायला एक बाई सारखी यायची. तिचा कागद त्याच्याच टेबलावर, त्याच्याच कोपराखाली होता, आणि साहेबाच्या सांगण्यावरनं तो दर खेपेला तिच्या अर्जावर 'नोंद आढळत नाही' लिहून परत पाठवायचा. बाई यायची थांबली. त्या शब्दांचं पाप फिटलं पाहिजे म्हणून मी आता दुसऱ्या बाजूला बसतोय, असं त्याचं म्हणणं. पण सवयी काही गेल्या नाहीत. घरात आवक-जावक रजिस्टर आहे. लग्नाची पत्रिका आली तर आधी आवकचा शिक्का, मग हळदीकुंकवाचा डाग बघायचा. माझ्या लेकीच्या लग्नात त्यानं दिलेल्या आहेराच्या पाकिटावर जावक क्रमांक होता. एकदा घसा धरला म्हणून डॉक्टरला चिठ्ठी लिहून दिली, तिच्याखाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून थोरलीचं नाव. थोरलीनं आपली प्रत पोळपाटाखाली घातली, पोळपाट डुगडुगत होता.

आता दिव्याचं सांगतो. लेकीचं लग्न ठरायच्या उन्हाळ्यातली गोष्ट. घराचा स्लॅब मी स्वतःच्या हातानं टाकलेला, त्यावर शालननं कुरडया वाळत घातल्या होत्या. दिवस बुडाला होता, पण अंधार पडला नव्हता. ती कुरडया गोळा करायला वर गेली, आणि साडूला अर्धवट वाळलेली कुरडई आवडते म्हणून तो तिच्या मागनं गेला. मी खाली हौदावर पाय धूत होतो. थोड्या वेळानं साडू जिन्यावरनं असा उतरला की पायऱ्या त्यानं बघितल्याच नाहीत. तोंडात अख्खी कुरडई, चावायची विसरलेली. म्हणाला, "तुमचा ओळंबा द्या." मी म्हटलं कशाला. तर म्हणाला, उसाच्या वर एक दिवा लोंबकळतोय, आवाज न्हाय, हालत न्हाय, मला जागा नेमकी करायचीय. मी ओळंबा देऊन वर जाईपर्यंत काही नव्हतं. पाण्याची टाकी होती, वटवाघळं होती आणि शालन होती, पदरात कुरडया धरून उभी. साडू म्हणाला, सरळ वर गेला, बादली विहिरीतनं वढून घ्यावी तसा. मी म्हटलं, विमान असंल. आमच्यापासनं विमानतळ इतका जवळ, की आलेल्या पावण्याची मिशी स्लॅबवरनं दिसती. साडू दुसऱ्या दिवशी विमानतळावर जाऊन आला आणि म्हणाला, त्या सांजेला एकबी विमान न्हवतं. लेखी मागितलंय.

त्यानं त्या सांजेलाच कंदिलाशी बसून पंचनामा केला होता. तो पंचनामा मी किती वेळा ऐकला असेल त्याला मोजदाद नाही. माणसाला जे येतं तेच तो करतो. त्याला जमिनीचे कागद येत होते, म्हणून त्यानं दिव्यालाही चतुःसीमा घातली. पूर्वेस विमानतळ, पश्चिमेस आमची पाण्याची टाकी, दक्षिणेस भावकीचा ऊस, उत्तरेस गावरस्ता, खाली ऊस, वर सरकारी पड. त्याखाली पंच क्रमांक एक, त्याची सही, लपेटीदार. आणि पंच क्रमांक दोन, पुढं नुसती टिंबं. एका पंचावर पंचनामा उभा राहत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. तरी तोच कागद जोडून त्यानं माहितीच्या अधिकारात दिल्लीच्या एका खात्याला विचारलं, की अशा ओळख न पटलेल्या गोष्टींवर सरकारनं काय संशोधन केलं, कुणाकुणाला दिसलं आणि ते लोकांना का सांगत नाही. खात्यात कुणीतरी चतुःसीमा वाचली आणि त्याला वाटलं, हे बांधाचं भांडण. अर्ज दिल्लीहून मुंबईला वर्ग झाला, तिथून खाली उतरत उतरत दीड वर्षानं आमच्याच गावच्या तलाठ्याकडं आला. पोरगेलासा तलाठी, टेप घेऊन दारात. "काका, अतिक्रमण कुणी केलंय?" साडूनं बोट वर केलं. तलाठ्यानं बराच वेळ वर बघितलं. बिचाऱ्याला शाळेत कुणी असलं शिकवलं नव्हतं. मग म्हणाला, "क्षेत्र अंदाजे किती असंल?" शालनला हसू आवरेना, ती चहा ठेवायला आत पळाली. तलाठ्यानं चहा घेतला, कुरडया खाल्ल्या आणि 'जागेवर काही आढळून आले नाही' असं लिहून गेला. मला वाटलं साडू खचला. तर तो खूश. म्हणाला, "कायबी म्हणा पावणं, सरकार जागंवर आलं."

पुढं पुढं तर अमेरिकेनंच कागद उघडे करायला सुरुवात केली आणि साडूला दिवस पुरेना. मोबाइलवर बघायचा, आणि कोल्हापुरात झेरॉक्सवाल्याकडनं छापून आणायचा. त्या कागदांवर अर्ध्याहून जास्त ओळींना काळ्या पट्ट्या. दाबायचंही आणि उघडंही करायचं, म्हणजे पाहुण्याला बोलावून ताटावर ताट झाकून ठेवायचं. झेरॉक्सवाला त्याला बघितलं की शटर अर्धं ओढायचा, म्हणायचा, आजोबा, तुमच्या एका गठ्ठ्यात माझी महिन्याची शाई जाती. साडू ते काळे कागद आमच्या अंगणात उन्हाकडं धरून बघायचा, कोंबडीच्या अंड्यात जीव धरलाय का बघतात तसं. मी म्हटलं, छापलेल्या काळ्याखाली काय दिसणार, येड्यागत काय करताय. त्यानं कागद खाली केला आणि म्हणाला, "खाली काय हाय ते न्हाय बगत. पट्टी किती लांब हाय ते बगतोय. माणूस जेवढं दाबतो तेवढं मोठं असतंय." गवंड्याला हे कळतं. गिलावा जिथं जाड, तिथं खाली भिंत वाकडी. दर सांजेला तो कागलात स्वतःच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसायचा आणि वहीत लिहायचा. वहीची पानं मी चाळली आहेत. आज निरंक. आज निरंक. आज ढग. आज निरंक. आज थोरली पडली, गुडघा दुखावला, आकाश निरंक.

आता मी माझी पट्टी काढतो. त्या सांजेला साडू पंचनामा लिहीत बसला, तेव्हा शालन चुलीपाशी आली आणि माझा दंड धरून म्हणाली, मीबी बगितला. तिचे डोळे असे कधी दिसले नव्हते, लग्नातसुद्धा. म्हणाली, "भ्या न्हाय वाटलं वो. लहानपणी रानातनं यायला येळ झाला की आई दारात कंदील धरून उबी ऱ्हायाची, तसं वाटलं." आणि मी काय म्हटलं, तर गप बस. लेकीला बघायला चार दिवसांनी मलकापूरची माणसं यायची होती. आईला आकाशात दिवे दिसतात म्हटल्यावर सोयरीक होते का कुठं. साडूला गाव येडा म्हणतं ते त्याला शोभतं, तो पेन्शनवाला आहे. तुला कोण विचारलंच तर सांग, डोळ्यात कचरा गेलता. दुसऱ्या दिवशी साडू पंचनामा आणि निळं पेन घेऊन तिच्यापुढं आला, तर तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "दाजी, मला न्हाय दिसलं काय. डोळ्यात कचरा गेलता." दोघं त्या स्लॅबवर खांद्याला खांदा लावून उभी होती. त्याला ठाऊक होतं ना. पण त्यानं पेनाला टोपण लावलं आणि बरं म्हणाला. मलकापूरचं स्थळ जमलं नाही ते नाहीच, त्यांना हुंड्यात मोटरसायकल पाहिजे होती. लेक पुण्यात दिली, नातवंडं शाळेत जायला लागली, तरी मी शालनला बोल म्हणालो नाही आणि तिनं विचारलं नाही. फक्त दिवस बुडताना कपडे काढायला म्हणून वर जायची आणि कपडे दोन असले तरी तिला वेळ लागायचा. मी खालनं हाक मारायचो. सरकारला मी काय नावं ठेवावीत.

ती गेली तेव्हा सगळे कागद साडूनंच केले. मला सही कुठं करायची तेवढं बोट दाखवायचा. मृत्यूचा दाखला आणायला तो सकाळी गेला, आणि मला वाटलं आता हा महिनाभर पत्रं लिहीत बसणार. जेवणाच्या आत परत आला. दारातल्या पायरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "पावणं, उभ्या जन्मात पयल्यांदा मागितलेला कागद त्याच दिवशी मिळाला." आणि रडला. मी त्याला रडताना बघत होतो, मला तेव्हा येत नव्हतं. सवयीप्रमाणं त्यानं तीन झेरॉक्स काढल्या होत्या, एकीवर 'प्रत माहितीसाठी' असं लिहून पुढं काय लिहावं ते न सुचून सोडलेलं. तिचं दिवसकार्य झाल्यावर त्याचं रविवारचं येणं कमी झालं. यायचा तेव्हा पिशवी नसायची. मी एकदा म्हटलं, पोचपावत्या काय झाल्या. म्हणाला, आता डिंकानंच चिकटिवतो. ती पिचकी वाटी फळीवर तशीच होती, तिच्यात शेवटच्या रविवारची खळ वाळून निळसर पापडी झालेली. मी ती धुतली नव्हती.

ह्या हिवाळ्यात त्या दिल्लीच्या अर्जावर त्यानं केलेल्या अपिलाची सुनावणी लागली. इतकी वर्षं तो ज्या दिवसाची वाट बघत होता तो दिवस आला आणि माणूस अंगानं अर्धा झालेला. मला म्हणाला, संगतीला चला, तुम्हाला बोलायचं काय न्हाय. कोल्हापुरात एका कचेरीत दोन खुर्च्या आणि भिंतीवर पडदा, पडद्यावर माहिती आयोगाचे साहेब. साहेब चांगले होते, हसले नाहीत. फाइल उलटी-सुलटी केली, चतुःसीमेपाशी थोडं थांबले. मग म्हणाले, "काका, तुम्ही स्वतः रेकॉर्डला होता. पंचनाम्याला दोन पंच लागतात हे मी तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या पंचाची सही का नाही?"

साडू म्हणाला, "दुसरा पंच उपलब्ध न्हाय."

"म्हणजे होता?"

साडूनं माझ्याकडं बघितलं नाही. मी त्याच्याकडं बघत होतो. खिशातली दोन्ही पेनं त्यानं चाचपली, घसा साफ केला, आणि ज्या शब्दांचं पाप फेडायला तो म्हातारपणभर उन्हात कागद धरत बसला तेच शब्द तोंडातनं काढले. "नोंद आढळत न्हाय, साहेब."

अपील निकाली निघालं. साहेबांनी बाहेरच्या देशातल्या काही गोष्टी आपणही वाचल्या आहेत असं सांगितलं, काळजी घ्या म्हणाले, आणि पडदा निळा झाला. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस घेतला. साडू रसवाल्याला म्हणाला, आलं जास्त घाल. मग स्टँडवर कागलची एसटी लागली. पाय वर ठेवताना म्हणाला, "आता सगळे कागद रुमालात बांदून माळ्यावर टाकतो. थोरलीला जागा हुईल." गाडी गेली, मी स्टँडवर उभा राहिलो. शालननं ह्याला खोटं सांगितलं ते माझ्यापायी, आणि ह्यानं साहेबाला खोटं सांगितलं ते तिच्यापायी. तिच्या तोंडचं खरं होतं ते एकट्या माझ्याकडं, आणि ते माझ्याबरोबर जाणार होतं.

सकाळी उठून मी ती वाटी भिजत घातली, घासली. पीठ घेतलं, पाणी घातलं, चुलीवर ठेवलं. खळ करताना पाणी आधी की पीठ आधी, हे मी चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. गुठळ्या झाल्या. मोरचूद कुठं ठेवलंय ते सापडलं नाही, तशीच घेतली, वर फडकं बांधलं. नातवाच्या राहिलेल्या वहीतलं एक पान फाडून लिहायला बसलो. घर बांधायला मला एवढा वेळ लागला नव्हता. लिहिलं ते एवढंच. दिवा मी बघितला न्हाय. माझ्या बायकोनं बघितला. तिला मी बोलू दिलं न्हाय. मग कागलची मिळाली ती गाडी धरली.

साडू सोप्यात बसला होता, पुढ्यात लाल रुमाल, गाठ मारून झालेली. थोरली चुलीपाशी होती. मी वाटी खाली ठेवली आणि पान त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा लावून ते वाचलं, तीन ओळी वाचायला लागतो त्याहून पुष्कळ वेळ. मग कचेरीतल्या आवाजात म्हणाला, "ही ऐकीव साक्ष झाली, पावणं. कायद्यात बसत न्हाय."

मी म्हटलं, "बसवा की."

मग त्यानं रुमालाची गाठ दातानं सोडवली, पंचनामा वर काढला, आणि निळं पेन माझ्या हातात दिलं. पंच क्रमांक दोन, त्या टिंबांवर बोट ठेवून म्हणाला, आधी तिचं नाव लिवा. लिहिलं. आता त्याच्या म्होरं 'करिता' लिवा. मोठा साहेब जाग्यावर नसला की खालचा सही करतो, तसं असतंय ते. लिहिलं. आता खाली तुमची सही. केली. मग त्यानं माझं पान पंचनाम्याच्या पाठीला जोडायला घेतलं. फडकं सोडलं, वाटीत बघितलं, बोट बुडवून कडेकडेनं खळ लावली आणि पान वर ठेवून अंगठ्यानं दाबत राहिला. मधे एक गुठळी काही बसेना. तिथं तो पुन्हा पुन्हा दाबत होता.

"तिच्या खळीला गुठळी नसायची," म्हणाला.

मी म्हटलं, "नसायची."